अर्धवेतनाचा परदेशी संसार : १८१५ नंतर स्वस्ताईच्या शोधात इंग्लंड सोडणारी कुटुंबे

राहणीचा खर्च कमी व्हावा एवढ्याच कारणासाठी कुटुंबाने देश सोडावा की नाही, हा प्रश्न मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात उघडपणे आणि मोठ्या प्रमाणावर चर्चिला गेला, असा एक ठळक कालखंड म्हणजे जून १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाल्यानंतरची ब्रिटनमधील तीस-पस्तीस वर्षे. या काळात इंग्लिश खाडीपलीकडच्या कॅले, बुलोन, ब्रुज, तूर, कां अशा फ्रेंच व बेल्जियन गावांत आणि पुढे फ्लॉरेन्स, पिसा यांसारख्या इटालियन शहरांत इंग्रज, स्कॉटिश आणि आयरिश कुटुंबांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पोटासाठी परदेशी जाणारा मजूर जास्त मजुरी मिळेल तिकडे जातो, म्हणजे तो आपली मिळकतच दुसऱ्या देशात नेतो. या कुटुंबांनी मात्र मिळकत मायदेशात ठेवली आणि खर्च तेवढा परदेशात नेला. हा भेद नजरेआड केला तर त्या पिढीचे निर्णय, त्यांतील लाभ आणि त्यांतील दुःखे यांपैकी कशाचाच उलगडा होत नाही.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटिश आरमारात १८१३ च्या सुमारास जी जवळजवळ दीड लाख माणसे होती, ती १८१७ पर्यंत एकोणीस हजारांवर आली. खलाशांना घरी पाठवणे सोपे होते; अधिकाऱ्यांचा हुद्दा मात्र असा काढून घेता येत नसे, म्हणून त्यांना अर्धवेतनावर ठेवले गेले. अर्धवेतन म्हणजे नेमणूक नसलेल्या अधिकाऱ्याला, पुन्हा बोलावणे आल्यास हजर राहण्याच्या अटीवर, मिळणारी ठरावीक रक्कम. आरमारातील लेफ्टनंटला ती सेवाज्येष्ठतेनुसार दिवसाला ५ ते ७ शिलिंग, म्हणजे वर्षाला साधारण ९० ते १२५ पौंड इतकी पडे. बढतीची वाट लढाईतून जात असल्याने शांततेच्या काळात ही रक्कम वाढण्याची आशा जवळजवळ संपली होती. सैन्यातही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. त्यांच्याच जोडीला सरकारी रोख्यांच्या व्याजावर जगणाऱ्या विधवा, अविवाहित बहिणी आणि धाकट्या मुलांची कुटुंबे होती; १८२२ मध्ये सरकारने ५ टक्के व्याजाचे आरमारी कर्जरोखे ४ टक्क्यांवर आणले, तेव्हा या लोकांच्या उत्पन्नाचा साधारण सहावा भाग एका फटक्यात गेला.

मिळकत अशी आटत असताना खर्चाची बाजू मात्र युद्धकाळाइतकीच जड राहिली. १८१६ मध्ये संसदेने सरकारच्या इच्छेविरुद्ध प्राप्तिकर रद्द केला खरा, पण युद्धाच्या प्रचंड कर्जाचे व्याज भागवण्यासाठी साखर, चहा, मीठ, साबण, मेणबत्त्या आणि वर्तमानपत्रे यांवरील कर कायम ठेवावे लागले. १८१५ च्या धान्य कायद्याने देशी गव्हाचा भाव क्वार्टरला, म्हणजे आठ बुशेलांच्या मापाला, ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गहू बाजारात येऊ द्यायचा नाही असे ठरवून जमीनदारांचे हित सांभाळले आणि पाव महाग ठेवला. शिवाय १७९७ पासून स्थगित असलेले नोटांचे सोन्यातील रूपांतर १८२१ मध्ये पूर्ववत झाले आणि पौंड आपल्या जुन्या सुवर्णमूल्यावर परतला. हुंडणावळीचा दर, म्हणजे एका देशाच्या चलनाचा दुसऱ्या देशाच्या चलनातील भाव, पौंडाला सुमारे २५ फ्रँक असा स्थिर झाला. ज्याची मिळकत पौंडांत ठरलेली आहे आणि ज्याला ती मिळवण्यासाठी कुठल्याही कचेरीत हजेरी लावावी लागत नाही, अशा माणसाला फ्रान्समधील घरभाडे, मांस, भाजी, वाइन आणि नोकरांचे पगार यांचा हिशेब मांडून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक होते.

परंतु स्वस्ताई म्हणजे पोटाला लागणाऱ्या अन्नाची स्वस्ताई, एवढाच तिचा अर्थ घेतला तर चूक होईल. वर्षाला दीडशे पौंडांत इंग्लंडमध्येही कुटुंब उपाशी मरत नव्हते. त्या पैशात अशक्य होते ते ‘जंटलमन’ म्हणून राहणे, म्हणजे अंगमेहनत न करता चारचौघांत मानाने वावरणाऱ्या वर्गाची राहणी टिकवणे. गडी, घोडा, गाडी आणि घराच्या खिडक्या या प्रतिष्ठेच्या खुणांवर इंग्लंडमध्ये स्वतंत्र कर होते आणि घराण्याचे चिन्ह गाडीच्या दारावर रंगवायचे असले तर त्यावरही कर भरावा लागे. आपल्याच परगण्यात लहान घरात बिऱ्हाड हलवणे हा काटकसरीचा सरळ मार्ग होता, पण त्यात शेजारी, व्यापारी, धर्मोपदेशक आणि नातेवाईक या सर्वांसमोर आपली घसरलेली ऐपत जाहीर होई. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिन यांच्या ‘पर्स्युएशन’ या कादंबरीतील कर्जात बुडालेला जमीनदार आपला वाडा एका आरमारी अधिकाऱ्याला भाड्याने देऊन बाथ शहरात राहायला जातो, कारण थोड्या खर्चात मोठेपणा राखता येईल अशी जागा त्याला हवी असते. ज्यांना बाथही परवडत नव्हते त्यांना खाडीपलीकडचे गाव हीच सोय देत होते: तिथे त्यांचे पूर्वीचे घर कोणी पाहिलेले नव्हते, आणि ‘मुलींना फ्रेंच यावे म्हणून आलो’, ‘दम्याला हवा मानवते म्हणून आलो’ ही कारणे सांगता येत, ती पुष्कळदा अंशतः खरीही असत.

या निर्णयातील धोक्याची आठवण मात्र ताजी होती. १८०२ च्या आमियांच्या तहानंतर फ्रान्सला धावत गेलेल्या इंग्रजांपैकी जे मे १८०३ मध्ये युद्ध पुन्हा पेटले तेव्हा तिथेच होते, त्यांच्यातील १८ ते ६० वर्षांच्या पुरुषांना नेपोलियनने अटकेत टाकले, आणि व्हर्दां या किल्ल्याच्या गावात त्यांपैकी अनेकांची अकरा वर्षे गेली. कायद्याची बाजूही १८१९ पर्यंत अनिश्चित होती. परदेशी माणूस फ्रान्समध्ये मरण पावल्यास त्याची तेथील मालमत्ता राजाकडे जाण्याची जी जुनी प्रथा होती तिचे उरलेसुरले अवशेष जुलै १८१९ च्या कायद्याने दूर केले आणि परकीयांना वारसाहक्काने मालमत्ता घेण्याची व देण्याची मुभा मिळाली. त्यानंतरच्या काही वर्षांत वाफेच्या बोटी डोव्हर आणि कॅले यांच्यामध्ये नियमित धावू लागल्या, त्यामुळे वाऱ्याची वाट पाहत बंदरात दिवस घालवण्याची गरज उरली नाही आणि परदेश हा काही तासांच्या अंतरावर आला.

वसाहत एकदा रुजली की तिच्याभोवती सोयी जमत गेल्या. पॅरिसमधून १८१४ पासून निघणारे ‘गॅलिन्यानीज मेसेंजर’ हे इंग्रजी दैनिक फ्रान्सभरच्या इंग्रज घरांत वाचले जाई. वर्गणीची वाचनालये, इंग्रज डॉक्टर, चहा आणि मोहरी विकणारी दुकाने निघाली. १८२५ च्या एका कायद्याने ब्रिटिश वकिलाती असलेल्या गावांत रहिवाशांनी चर्चसाठी जितकी वर्गणी जमवली तितकीच रक्कम सरकारने घालण्याची तरतूद झाली. पैसे पोहोचवण्याचे काम लंडनच्या पेढ्या करत; पेढीने दिलेले पतपत्र घेऊन स्थानिक सराफाकडे गेले की वटाव कापून फ्रँक मिळत, आणि ही पद्धत हुंडीच्या व्यवहाराशी परिचित असलेल्या वाचकाला मुळीच परकी वाटणार नाही. मारियाना स्टार्क यांच्यासारख्या प्रवासलेखिकांनी आपल्या मार्गदर्शक पुस्तकांत प्रेक्षणीय स्थळांच्या बरोबरीने गावोगावची भाडी, जिनसांचे भाव आणि नोकरांचे पगार देण्याचा पायंडा पाडला. घर सोडण्याचा निर्णय घेणारे कुटुंब ही पाने समोर ठेवून हिशेब मांडत असे, आणि त्या पानांत जे छापलेले नव्हते ते हिशेबात येत नसे.

या वसाहतींवर कर्जबुडव्यांची वस्ती असा शिक्का बसला, त्यामागे इंग्लंडचा तत्कालीन कायदा होता. धनकोने केवळ शपथेवर रक्कम सांगितली की दाव्याचा निकाल लागण्यापूर्वीच ऋणकोला अटक करता येई. ही पद्धत १८३८ मध्ये बंद झाली आणि कर्जापोटी कैद ही शिक्षा बहुतांशी रद्द होण्यास १८६९ उजाडले. इंग्लंडच्या शेरीफचा, म्हणजे परगण्यात न्यायालयाचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याचा, वॉरंट कॅलेच्या धक्क्यावर निरुपयोगी ठरत असे. नेल्सनची प्रेयसी एमा हॅमिल्टन धनकोंना चुकवून कॅलेत आली आणि जानेवारी १८१५ मध्ये तिथेच वारली. लंडनच्या वेशभूषेचा एकेकाळचा हुकूमशहा ‘बो’ ब्रमेल मे १८१६ मध्ये एका रात्रीत लंडन सोडून त्याच गावात आला. ब्रमेलच्या कहाणीतून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते: इंग्रज धनकोपासून मिळालेले संरक्षण फ्रेंच धनकोपासून मिळत नव्हते, उलट परकीय ऋणकोला तातडीने अटक करण्याची सोय फ्रेंच कायद्यात १८०७ पासून होती. कां येथे मिळालेले वकिलातीचे पद १८३२ मध्ये रद्द झाल्यावर ब्रमेलला १८३५ मध्ये कर्जापायी तुरुंगात जावे लागले आणि १८४० मध्ये तेथील मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. तरीही या दोन-चार प्रसिद्ध नावांवरून सगळ्या वसाहतीची परीक्षा करणे अन्यायाचे होईल. बहुसंख्य कुटुंबांवर कोणाचेही वॉरंट नव्हते, त्यांच्याकडे फक्त पुरेसे पैसे नव्हते, आणि शेजारच्या घरातील फरारी ऋणकोमुळे त्यांच्या मुलींच्या लग्नांत अडचणी येत.

कर्ज आणि काटकसर या दोन कारणांची गुंतागुंत ट्रॉलप कुटुंबाच्या बाबतीत जितकी जवळून पाहता येते तितकी क्वचितच अन्यत्र दिसते, कारण पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या अँथनी ट्रॉलप यांनी आपल्या आत्मचरित्रात त्या दिवसांचे वर्णन करून ठेवले आहे. वडील बॅरिस्टर होते. वकिली चालली नाही, भाड्याने घेतलेल्या शेतीत तोटा आला. १८३४ च्या वसंतात एके दिवशी मुलाने वडिलांना दोनचाकी गाडीतून लंडनला पोहोचवले आणि तिथे ते ऑस्टेंडच्या बोटीत बसले. वडील परदेशी का जात आहेत हे मुलाला वाटेत सांगितले गेले नव्हते. तो हॅरो येथील घरी परतला तेव्हा माळ्याने त्याला लांबूनच खुणावून थांबवले, कारण घरात जप्तीची माणसे शिरली होती आणि गाडी फाटकातून आत गेली असती तर घोडा आणि सरंजाम यांचीही जप्ती झाली असती. त्याने गाडी गावातील लोखंडी सामानाच्या दुकानदाराकडे नेली. त्या दुकानदाराने सगळ्याचे सतरा पौंड ठरवले, आणि नेमके तेवढेच आपले येणे असल्याचे सांगून तो सौदा मिटवला. इकडे घरातल्या मुली आणि शेजारचे कुटुंब दोन बागांमधील कुंपणाच्या फटीतून चिनी मातीची भांडी, काचसामान आणि थोडी पुस्तके पलीकडे पोहोचवत होती.

ब्रुजच्या वेशीबाहेर घेतलेल्या मोठ्या घरात हे कुटुंब राहू लागले तेव्हा त्याचा खरा आधार होता तो आई फ्रान्सिस ट्रॉलप यांच्या लेखणीचा. अमेरिकेतील वास्तव्यावरील त्यांचे पुस्तक १८३२ मध्ये गाजले होते. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पती आजारी, मुलगा हेन्री आणि मुलगी एमिली क्षयाने खंगत असताना, रात्री शुश्रूषा करता करता त्या कादंबऱ्या लिहीत होत्या आणि प्रकाशकाचे पैसे लंडनहून येत होते. हेन्री डिसेंबर १८३४ मध्ये गेला, पती ऑक्टोबर १८३५ मध्ये, आणि त्या इंग्लंडला परतल्यानंतर १८३६ च्या आरंभी एमिलीही गेली. ब्रुज स्वस्त होते यात शंका नाही. इंग्लंडमध्ये तेवढ्या पैशात तेवढे घर मिळाले नसते. पण त्या स्वस्ताईचा उपभोग घेण्यासाठी एका स्त्रीला किती काम करावे लागले, हे लक्षात घेतले म्हणजे ‘कुटुंबाने स्थलांतराचा निर्णय घेतला’ या वाक्यातील ‘कुटुंब’ हा कर्ता किती फसवा आहे ते दिसते. निर्णय एकाचा असे, त्याचे व्यवस्थापन दुसऱ्याकडे असे. अपरिचित भाषेत बाजार करणे, नोकर ठेवणे, दुकानदाराची उधारी सांभाळणे आणि मुलांना माणसांत ठेवणे ही कामे जवळजवळ सर्व घरांत स्त्रियांकडे होती, आणि कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकाच्या दरपत्रकात त्यांना स्थान नव्हते.

मुलांच्या वाट्याला काय आले याचा पुरावा दुसऱ्या एका घराण्यात मिळतो, आणि त्या घराण्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. कर्नल जोसेफ नेटरव्हिल बर्टन हे ३६ व्या पलटणीतील अधिकारी. राणी कॅरोलाइनविरुद्धच्या १८२० च्या चौकशीत तिच्याविरुद्ध साक्ष देण्यास नकार दिल्यामुळे त्यांना अर्धवेतनावर जावे लागले, असे घराण्यात सांगितले जाई. दमा आणि तुटपुंजी मिळकत या दोन कारणांनी ते पत्नी व तान्ह्या रिचर्डसह लुआर नदीकाठच्या तूर गावी आले, आणि नदीपलीकडच्या टेकडीवर बाग व द्राक्षमळा असलेला एक वाडा त्यांनी भाड्याने घेतला. अर्धवेतनावर इंग्लंडमध्ये अशा वाड्याचे नावही काढता आले नसते. मुलांना घोड्यावर बसणे, तलवारबाजी आणि गल्लीतल्या पोरांची फ्रेंच हे सारे अनायासे मिळाले. नियमित शिक्षण मात्र मिळाले नाही. मुलांना इंग्लंडमध्येच शिकवायचे म्हणून १८२९ च्या सुमारास कुटुंब परतले, रिचमंडच्या शाळेत गोवराची साथ आली, वडिलांना इंग्लंडची हवा आणि इंग्लंडचे खर्च दोन्ही सोसवेनात, आणि पुन्हा खाडी ओलांडून ब्ल्वा, लिव्होर्नो, पिसा, सिएना, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स, पो अशी भटकंती सुरू झाली.

या भटकंतीतून रिचर्ड बर्टन हा एकोणिसाव्या शतकातील असामान्य भाषापंडित घडला, म्हणून तिचे समर्थन करण्याकडे चरित्रकारांचा कल असतो. स्वतः बर्टनचे मत वेगळे होते. इंग्लंडमध्ये पुढे यायचे तर मुलाला तिथल्याच शाळेत, तिथल्याच विद्यापीठात, तिथल्याच ओळखींत वाढवले पाहिजे. जो बाहेर वाढतो त्याला आपले म्हणणारे गाव उरत नाही, अशी खंत त्याने आपल्या आठवणींत नोंदवली आहे. १८४० मध्ये तो ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला तेव्हा त्याच्या लॅटिनचे उच्चार इटालियन वळणाचे होते आणि इंग्रजी धाटणीच्या उच्चारांची सवय असलेल्या तेथील मंडळींना ते विचित्र वाटले. त्याच्या मिशाही हसण्याचा विषय झाल्या. १८४२ मध्ये कॉलेजने त्याला काढून टाकले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील १८ व्या देशी पलटणीत जागा मिळवून तो त्याच वर्षी मुंबईत उतरला. हिंदुस्थानी, गुजराती, मराठी यांच्या परीक्षा तो या नोकरीत उत्तीर्ण झाला. आजारी पडून परतल्यावर तो बुलोनला आई-बहिणीजवळ राहिला, आणि त्याच सुमारास, १८५१ मध्ये, गोव्यावरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. बुलोनच्या जुन्या तटावर फिरताना ज्या तरुणीशी त्याची दृष्टादृष्ट झाली ती इझाबेल अरंडेल हीदेखील अशाच घरची होती: उमरावांशी नाते असलेले, मुलांचा मोठा परिवार असलेले कॅथलिक घराणे लंडनमधील एका हंगामाच्या खर्चानंतर काटकसरीसाठी १८५० मध्ये दोन वर्षांकरिता बुलोनला आले होते. पुढे १८६१ मध्ये या दोघांचा विवाह झाला.

अपेक्षित बचत प्रत्यक्षात किती होई, हे कुटुंबाने इंग्लंडमधील सवयी किती सोडल्या यावर ठरे. वाइन, भाज्या, कोंबड्या, घरभाडे आणि शिक्षकांची फी यांत मोठा फरक पडे. उलट चहा, दगडी कोळसा, लोकरीचे कापड आणि इंग्लंडहून आणलेली दाई या गोष्टी मायदेशापेक्षा महाग पडत. फ्रेंच गावांच्या वेशीवर मांस, मद्य आणि सरपण यांवर जकात घेतली जात असल्याने वेशीच्या आतले आणि बाहेरचे भाव वेगळे असत, आणि अनुभवी कुटुंबे बाहेरच्या बाजूला घर शोधत. एका गावात इंग्रज वाढले की घरमालक भाडे वाढवत आणि स्थानिक रहिवाशांच्या तक्रारी सुरू होत. मग नवी येणारी कुटुंबे कॅले-बुलोन सोडून आणखी आतल्या, आणखी दक्षिणेच्या गावी सरकत. चार्ल्स लीव्हर या आयरिश कादंबरीकाराने, जो स्वतः ब्रसेल्स आणि फ्लॉरेन्स येथे राहिला होता, १८५२ ते १८५४ या काळात हप्त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘द डॉड फॅमिली अब्रॉड’ या पत्ररूप कादंबरीत स्वस्ताईवर विसंबून युरोपात आलेल्या एका आयरिश कुटुंबाची ससेहोलपट रंगवली आहे. सर्वच अनुभव असे नव्हते. एलिझाबेथ बॅरेट आणि रॉबर्ट ब्राउनिंग या कविदांपत्याला लहान उत्पन्नात, एलिझाबेथच्या फुप्फुसांना मानवणाऱ्या हवेत, फ्लॉरेन्समधील कासा गिदी येथे १८४७ नंतर जे चौदा वर्षांचे जीवन लाभले ते लंडनमध्ये शक्य नव्हते. पण त्यांना एकच मूल होते, दोघांचे काम लेखणीचे होते आणि इटलीविषयी त्यांना मनापासून प्रेम होते.

मागे राहिलेल्या देशाचे काय, हा प्रश्न आयर्लंडच्या संदर्भात फार तीव्रतेने विचारला गेला. जमिनीचा खंड आयर्लंडमध्ये गोळा करून लंडन, पॅरिस किंवा फ्लॉरेन्स येथे खर्च करणाऱ्या मालकांना ‘अनुपस्थित जमीनदार’ म्हणत, आणि त्यांच्यामुळे देश दरिद्री होतो हे लोकमत होते. अर्थशास्त्रज्ञ जे. आर. मॅककुलक यांनी १८२५ मध्ये संसदेच्या समितीपुढे याच्या उलट युक्तिवाद केला: खंड परदेशी पाठवायचा तर तो शेवटी मालाच्या निर्यातीच्या रूपानेच जातो, त्यामुळे मालक घरी असता तर त्याच्या खर्चातून जितकी मागणी निर्माण झाली असती तितकीच निर्यातीतून होते. वस्तूंच्या प्रवाहापुरता हा युक्तिवाद सुसंगत आहे. परंतु निर्यात होणाऱ्या धान्याच्या आणि गुरांच्या मोबदल्यात आयर्लंडमध्ये काहीच परत येत नाही, आणि मालकाच्या घरावर पोट असलेला सुतार, गवंडी, मोलकरीण यांना निर्यातीतून काम मिळत नाही, ही गोष्ट त्यात सुटते. नेमक्या याच मुद्द्यावर मुंबईत वेगळ्या दिशेने विचार सुरू झाला होता. भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी १८४१ मध्ये ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये लिहिलेल्या पत्रांत कंपनीच्या राज्यात हिंदुस्थानातील संपत्ती बाहेर कशी वाहून जाते ते मांडले, आणि १८६७ पासून दादाभाई नौरोजी यांनी संपत्तीच्या या अपहाराचा सिद्धांत आकड्यांनिशी उभा केला. त्यांच्या मांडणीत गोऱ्या अधिकाऱ्यांची मायदेशी पाठवलेली बचत आणि विलायतेत खर्च होणारी निवृत्तिवेतने यांना मध्यवर्ती स्थान होते. एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याच्या परदेशी बिऱ्हाडातील काटकसरीचा संसार दख्खनमधील रयतेच्या सारावसुलीवर चाललेला असे, ही वस्तुस्थिती त्या वसाहतींच्या इतिहासात क्वचितच सांगितली जाते, आणि ती सांगितल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही.

फेब्रुवारी १८४८ च्या पॅरिसमधील क्रांतीने परक्या देशातील वास्तव्य किती अस्थिर असते ते पुन्हा दाखवले. मिळकत इंग्लंडमध्ये सुरक्षित असलेली अनेक कुटुंबे सामान बांधून परतली, आणि वातावरण निवळल्यावर त्यांपैकी काही पुन्हा आली. कॅलेतच राहणाऱ्या दुसऱ्या एका इंग्रज समाजाला हा मार्ग उपलब्ध नव्हता. नॉटिंगहॅम भागातून १८१६ नंतर चोरून यंत्रे आणून कॅलेत जाळीदार लेसचा धंदा उभारणारे कारागीर इथेच कमवत आणि इथेच खर्च करत. क्रांतीनंतर काम थांबले, मायदेशातही काम नव्हते, तेव्हा त्यांच्यापैकी शेकडो जण बायकामुलांसह त्याच वर्षी तीन जहाजांनी ऑस्ट्रेलियाला गेले. एकाच गावातील दोन इंग्रज घरांमध्ये संकटाच्या दिवशी पडलेले हे अंतर त्यांच्या मिळकतीच्या उगमामुळे पडले होते.

स्वस्ताईचे हे अंतर पुढे हळूहळू मिटत गेले. १८४२ मध्ये पुन्हा सुरू झालेला प्राप्तिकर जमिनीच्या खंडावर आणि सरकारी रोख्यांच्या व्याजावर उगमापाशीच कापला जात असल्याने परदेशी राहून तो सहजासहजी टळत नव्हता. १८४६ मध्ये धान्य कायदे रद्द झाले, खिडक्यांवरचा कर १८५१ मध्ये गेला, आणि १८७० नंतर अमेरिकेतील गव्हाने इंग्लंडमधील पावाची किंमत उतरवली, तर १८९२ मध्ये फ्रान्सने शेतमालावरील आयातकर वाढवून आपल्या शेतकऱ्याला संरक्षण दिले. रेल्वेमुळे भाव सगळीकडे एकमेकांच्या जवळ आले. पहिल्या महायुद्धानंतर मात्र तीच जुनी परिस्थिती आणखी मोठ्या प्रमाणावर उद्भवली: एकेकाळी पौंडाला २५ मिळणारे फ्रँक जुलै १९२६ मध्ये जवळजवळ २४० मिळू लागले, आणि फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील गावांत ब्रिटिश निवृत्तिवेतनधारकांनी घरे घेतली, त्यांत हिंदुस्थानातून परतलेले अधिकारीही होते. फ्रान्समधील पॉइन्कारे सरकारने त्या वर्षअखेर फ्रँक पौंडाला १२४ च्या आसपास स्थिर केला. २१ सप्टेंबर १९३१ रोजी ब्रिटनने सुवर्णपरिमाण सोडले तेव्हा पौंडच घसरला, आणि वर्ष संपेपर्यंत त्याचा भाव ९० फ्रँकच्याही खाली आला. ज्यांचे निवृत्तिवेतन पौंडांत आणि घरभाडे फ्रँकमध्ये होते, अशा कुटुंबांचे उत्पन्न त्यांनी काहीही न करता सप्टेंबरच्या आधीच्या तुलनेत चौथ्या हिश्श्याहून अधिक कमी झाले. त्यांच्यापैकी पुष्कळ जण मायदेशी परतले, जिथे त्याच सप्टेंबर महिन्यात प्राप्तिकर पौंडाला साडेचार शिलिंगांवरून पाच शिलिंगांवर गेला होता.